चावी फिरते, यंत्र उठत नाहीं



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. शहरांत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाला छोट्या ट्रॅक्टरच्या बिघाडाशीं काय कर्तव्य, असें कोणीही विचारील. आणि हें सांगणारा तरी कोण? मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं, कारखान्यांत कधीं काम केलेलें नाहीं. जुनी मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत मीं आयुष्यभर मास्तरकी केली, आणि निवृत्तीनंतर वर्षांतले सहा महिने निफाड तालुक्यांतल्या आमच्या मूळ गांवीं धाकट्या भावाकडे राहतों. भावाची द्राक्षबाग आहे. ती माझा पुतण्या पाहतो. त्या बागेंतल्या एका लहानशा ट्रॅक्टरनें म्हातारपणीं मला दोन धडे दिले. पहिल्या धड्याची किंमत पैशांत पडली. दुसऱ्याची किंमत माणसाच्या जिवानें द्यावी लागली असती, ती केवळ नशिबानें वांचली. ते दोन धडे आपल्यापुढें ठेवावेत, एवढाच आजचा हेतु आहे. आणि आपल्या दारांत उभी असलेली मोटार किंवा स्कूटर याच ट्रॅक्टरच्या गोत्रांतली असल्यामुळें हें बोलणें आपणांस अगदींच परकें वाटणार नाहीं, असा भरंवसा आहे.

आधीं या ट्रॅक्टरची ओळख करून देतों. द्राक्षाची बाग मांडवावर असते. वेलींच्या दोन ओळींमधली वाट अरुंद, आणि डोक्यावर तारा व पानांचें छत. नांगरटीचा मोठा ट्रॅक्टर तेथें शिरूं शकत नाहीं. म्हणून बागाईतदार लहान, बुटका, अंगानें अरुंद असा ट्रॅक्टर घेतात. त्याच्या मागें औषध फवारण्याचा ब्लोअर जोडलेला असतो. ट्रॅक्टर चालतो, ब्लोअरचा पंखा फिरतो, आणि औषधाचें धुकें दोन्ही बाजूंच्या पानांवर बसतें. द्राक्षाच्या हंगामांत या यंत्राला एक दिवसाचीही रजा नसते. पाऊस पडला कीं केवडा रोगाची भीति. गांवकरी त्यालाच डावणी म्हणतात. वेल फुलोऱ्यांत असेल, तर एका ओल्या रात्रीनें वर्षाचें पीक जाऊं शकतें. अशा वेळीं सकाळचें औषध संध्याकाळीं मारून चालत नाहीं.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली, तें आपण वर्तमानपत्रांत वाचलें असेल. आमच्या बागेला गारांनीं वगळलें, पावसानें वगळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटेस पुतण्यानें औषध कालवलें, ट्रॅक्टरवर बसला आणि चावी फिरवली. टक् असा एक आवाज झाला, यंत्र एकदां कण्हलें, आणि थांबलें. पुन्हां चावी, पुन्हां टक्, पुन्हां तें कण्हणें. समोरचे दिवे मात्र लख्ख लागत होते.

पुतण्या म्हणाला, "काका, बॅटरी गेली. तीन वर्षें झालीं तिला."

मीं विचारलें, "कशावरून?"

तो म्हणाला, "सेल्फ उचलत नाहीं, म्हणजे बॅटरीच. दुसरें काय असणार?"

मास्तर म्हणून आयुष्यभर मीं पोरांना "कशावरून" हा प्रश्न विचारला, पण त्या दिवशीं त्याच्या पुढचा प्रश्न विचारण्याइतकें ज्ञान माझ्यापाशीं नव्हतें. पुतण्या तालुक्याच्या गांवीं गेला, साडेचार हजार रुपये मोजून नवी बॅटरी घेऊन आला, आणि जुनी दुकानदारानें मोडीच्या भावानें ठेवून घेतली. दुपारीं बारा वाजतां नवी बॅटरी बसली. चावी फिरली. टक्, आणि तेंच कण्हणें!

शेवटीं एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनीं हत्यारांची पेटी उघडलीच नाहीं. बॅटरीपासून निघणारी एक जाड वायर बोटानें चांचपीत ते खालीं वांकले. ती जेथें ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बोल्टनें आवळलेली होती, तेथें थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, हात लावून पाहा." मीं हात लावला. सांधा चांगलाच तापलेला होता. त्यांनीं बोल्ट काढला. वायरीच्या टोंकाखालीं हिरवट बुरा आणि तांबडा गंज यांचा थर. त्यांनीं काचकागदानें दोन्ही पृष्ठभाग घासून चकचकीत केले, बोल्ट आवळला, आणि पुतण्याला खूण केली. यंत्र पहिल्याच फेऱ्यांत धडधडूं लागलें. दहा मिनिटांचें काम. मिस्त्रींनीं मागितले दोनशें रुपये. पण तोंपर्यंत दुपारचे चार वाजले होते. अंधार पडेपर्यंत अर्ध्या बागेला औषध झालें. खालच्या अंगाच्या ओलसर ओळी राहिल्या, आणि त्याच ओळींत पुढें रोगानें घड जळाले.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. नुकसानापेक्षांही एक कोडें डोक्यांत घोळत होतें. सांध्यांत गंज होता, मग त्याच वायरीवर चालणारे दिवे लख्ख कसे लागत होते? दुसऱ्या दिवशीं मीं मिस्त्रींचें घर गांठलें, आणि त्यांच्यापाशीं बसून हें शास्त्र समजावून घेतलें. आतां तें आपणांस सांगतों.

वीज ही घरून निघून घरीं परत येणारी वस्तु आहे. बॅटरीच्या धन टोंकापासून ती निघते, काम करते, आणि ऋण टोंकापाशीं परत येते. जाण्याची वाट तारेची असते. येण्याची वाट मात्र ट्रॅक्टरचें लोखंडी अंगच असतें. त्या अंगाला बॅटरीच्या ऋण टोंकाशीं जोडणारी जी जाड वायर, तिला अर्थची वायर म्हणतात. लोकांचें लक्ष जाण्याच्या वाटेकडे असतें. येण्याची वाट कोणी पाहत नाहीं, आणि बिघाड पुष्कळदां तेथेंच दबा धरून बसलेला असतो.

आतां दिव्यांचें कोडें. १८२७ सालीं ओहम नांवाच्या एका जर्मन माणसानें विद्युत्प्रवाहाचा एक साधा नियम प्रसिद्ध केला. हा ओहम त्या काळीं कोलोन शहरांतल्या एका शाळेंत मास्तर होता, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. त्याचा नियम असा कीं, वाटेंतला अडथळा आणि प्रवाह यांचा गुणाकार केला कीं तेथें किती दाब खर्ची पडतो तें कळतें. आमच्या गंजक्या सांध्याचा अडथळा एका ओहमचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे ०.०२ ओहम धरा. एका दिव्याला चार-पांच अँपिअर प्रवाह लागतो. गुणाकार केला तर ०.१ व्होल्ट खर्ची पडला. बारा व्होल्टांतून एवढा गेला, तर डोळ्यांना पत्ताही लागत नाहीं. पण इंजिनाला पहिला झोंका देणारी जी मोटार, जिला आपले लोक सेल्फ म्हणतात आणि पुस्तकांत स्टार्टर, तिला शेंदीडशें अँपिअर लागतात. दीडशेंला ०.०२ नें गुणा. तीन व्होल्ट त्या एका बोल्टाखालीं जळून गेले! तीन व्होल्ट आणि दीडशें अँपिअर म्हणजे साडेचारशें वॉट उष्णता. सांधा तापला होता तो यामुळें. बोळांत पालापाचोळा सांचला, तर एकटा माणूस बाजूनें निघून जातो, वरात अडते. दिवा हा एकटा माणूस, स्टार्टर ही वरात. म्हणून दिवे लागतात एवढ्यावरून विजेची वाट मोकळी आहे असें कधींही मानूं नये.

स्टार्टरला एवढी वीज कां लागते? डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. आंतली हवा मूळच्या सुमारें विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबानें ती तापते, आणि तिच्यांत उडवलेलें डिझेल पेट घेतें. थंड इंजिनाला हा दाब उत्पन्न करण्याइतकें फिरवणें हें मल्लाचें काम आहे. पूर्वीं तें हातांत दांडा घेऊन माणूस करी, आणि इंजिन उलट फिरलें कीं त्याच दांड्याचा तडाखा बसून मनगटें मोडत. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यानें हें काम विजेच्या मोटारीवर सोंपवलें. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत त्याचा स्टार्टर बसला. हा गृहस्थही तरुणपणीं शाळामास्तर होता. आधीं त्यानें दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार जोडली होती. त्या कामांतून त्याला उमजलें कीं, लहान मोटारीला जर क्षणभरच काम करावयाचें असेल, तर तिच्याकडून तिच्या आकाराच्या मानानें पुष्कळ अधिक जोर काढतां येतो. हें "क्षणभरच" ध्यानांत ठेवावें. दहा सेकंदांपेक्षां अधिक वेळ चावी दाबून धरूं नये. मग एक-दोन मिनिटें मोटारीला निवूं द्यावें. चिडून चावी धरून बसणारा माणूस स्टार्टर जाळतो आणि बॅटरी रिकामी करतो. आधीं एक बिघाड असतो, तेथें तीन होतात.

आतां विजेच्या वाटा पाहूं. त्या दोन आहेत. एक जाड वायरीची, बॅटरीपासून थेट स्टार्टरकडे जाणारी. दुसरी बारीक वायरीची, केवळ हुकूम पोंचवणारी. ही बारीक वाट बॅटरीपासून फ्यूजमधून चावीकडे जाते. चावीकडून ती रखवालदार खटक्यांतून जाते. क्लच पूर्ण दाबला आहे कां, मागचा पंखा फिरवणारा पी.टी.ओ. बंद आहे कां, कांहीं यंत्रांत चालक जागेवर बसला आहे कां, हें हे खटके पाहतात. सर्वांनीं होकार दिला कीं हुकूम स्टार्टरच्या पाठीवरील सोलेनॉइडपाशीं पोंचतो. सोलेनॉइड म्हणजे विद्युच्चुंबक. तो एक दांडा ओढतो. त्या दांड्यानें स्टार्टरचें लहान दांतेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकांत अडकतें, आणि त्याच ओढीनें जाड वाटेचा दरवाजा उघडतो. आपण ऐकतों तो "टक्" हा याच दांड्याचा आवाज.

एवढें समजलें कीं यंत्राचें मौनही बोलकें होतें. शाळेंत तोंडी परीक्षा घेतांना मुलगा गप्प राहिला, चांचरला, कीं भलतेंच बोलला, यावरून त्याचें काय अडलें तें मास्तरला कळतें. तसेंच हें आहे.

चावी फिरवल्यावर अगदीं शांतता असेल, टक्ही होत नसेल, तर हुकूम पोंचलेला नाहीं. दिवेही लागत नसतील, तर बॅटरीचीं टोंकें व मुख्य फ्यूज पाहावा. दिवे लागत असतील, तर गिअर मोकळा आहे कां, क्लच तळापर्यंत दाबला आहे कां, पी.टी.ओ. बंद आहे कां, हें आधीं पाहावें. पुष्कळदां बिघाड यंत्रांत नसतो, आपल्या पायांत असतो. क्लचखालीं चिखलाचें ढेंकूळ अडकलें तरी खटका मिटत नाहीं. उंदरानें वायर कुरतडली असेल, किंवा ट्रॅक्टर जोराच्या पाण्यानें धुतांना जोडांत पाणी शिरलें असेल. फ्यूज पुन्हां पुन्हां उडत असेल, तर त्याच्या जागीं जाड तार घालणें म्हणजे आगीला आमंत्रण. वायर कोठें घासून उघडी पडली आहे, तें शोधावें.

टक्टक्टक् असा भराभर आवाज येत असेल, तर हुकूम पोंचतो, दांडा ओढला जातो, पण जाड वाटेवर भार येतांच दाब कोसळतो, दांडा सुटतो, दाब सुधारतो, दांडा पुन्हां ओढला जातो. बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या टोंकांचा सांधा सैल आहे, असा त्याचा अर्थ. एकच टक् होऊन पुढें शांतता, आणि त्या वेळीं लावून ठेवलेले दिवे तसूभरही मंद होत नसतील, तर वीज स्टार्टरमध्यें शिरतच नाहीं. सोलेनॉइडच्या आंतले संपर्क किंवा स्टार्टरचे कार्बन झिजले असावेत. तें काम कारागिराचें. उलट दिवे एकदम विझूं लागले आणि यंत्र कण्हलें, तर बॅटरी अशक्त किंवा वाटेंत गंज. नुसताच मोटार फिरल्याचा घुर्र आवाज आला आणि इंजिन हललें नाहीं, तर तें लहान चाक मोठ्यांत अडकत नाहीं. आणि इंजिन चांगलें फिरतें पण पेटत नाहीं, तर स्टार्टरला दोष देऊं नये. डिझेल सोडणारा विजेचा खटका, डिझेलच्या नळींत शिरलेली हवा, किंवा थंडींत इंजिनाला आंतून ऊब देणारे हीटर प्लग यांकडे पाहावें. निफाडच्या थंडीचे आंकडे दरवर्षीं वर्तमानपत्रांत येतात. तेथें पहाटे हीटर न देतां चावी मारणाऱ्या माणसाला यंत्रानें नकार दिला, तर तो नकार रास्तच म्हटला पाहिजे.

आतां बॅटरी कीं सांधा, हें ठरवावयाचें कसें? कांहीं शें रुपयांत मिळणारा मल्टिमीटर घरीं असावा. बॅटरी कांहीं तास स्वस्थ राहिल्यावर तिच्या दोन टोंकांवर मीटर लावावा. १२.६ च्या आसपास आंकडा आला तर ती भरलेली, १२.२ आला तर अर्धी, आणि १२ च्या खालीं गेला तर जवळजवळ रिकामी. पण खरी परीक्षा भाराखालीं. मीटर तेथेंच धरून दुसऱ्याला चावी फिरवावयास सांगावी. आंकडा ९.६ च्या खालीं कोसळला, तर बॅटरी भरून पुन्हां पाहावी, आणि भरूनही कोसळली तर ती थकली. आंकडा टिकून राहिला आणि तरी यंत्र कण्हतें, तर दोषी सांधा आहे. तो हुडकण्याची युक्ति अशी. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ बोल्टावर टेकवून चावी फिरवावी. येण्याची वाट चांगली असेल, तर अर्ध्या व्होल्टाहूनही कमी दिसेल. त्याहून अधिक दिसलें, तर तेवढा दाब गंज खात आहे. तशीच परीक्षा धन टोंकापासून स्टार्टरच्या जाड बोल्टापर्यंत करावी. आमच्याकडे हा मीटर त्या पावसाच्या सकाळीं असता, तर साडेचार हजार रुपये आणि खालच्या ओळी दोन्ही वांचल्या असत्या.

सफाईच्या वेळीं चार गोष्टी पाळाव्यात. चावी बंद, गिअर मोकळा, ब्रेक लावलेला. बोटांतली अंगठी व मनगटावरचें घड्याळ काढून ठेवावें. वायर काढतांना ऋण टोंकाची आधीं, लावतांना तीच शेवटीं. कारण पाना धन टोंकावर असतांना चुकून लोखंडाला टेकला, तर ऋण वायर जोडलेली असल्यास प्रचंड ठिणगी उडते. बॅटरींतून निघणारा वायु पेट घेणारा असतो, म्हणून जवळ बिडी नको. टोंकांवरचा पांढरा-हिरवा बुरा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावा. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. मग कोरडें करून, आवळून, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. वर्षांतून दोनदां, छाटणीच्या आधीं आणि काढणीनंतर, आम्ही आतां हें करतों.

येथें माझें भाषण संपलें असतें, तर मी शहाणा ठरून घरीं गेलों असतों. पण दुसरा धडा राहिला, आणि तो माझ्या शहाणपणाचाच आहे.

त्या प्रसंगानंतर गांवांत माझी थोडी कीर्ति झाली. कोणाचा पंप, कोणाची मोटारसायकल, "गुरुजी, जरा पाहा" म्हणून बोलावणें येई. माणसाला उतारवयांत मिळालेली विद्या लवकर चढते. पुढच्याच हंगामांत आमचा ट्रॅक्टर एका सकाळीं पुन्हां गप्प झाला. टक्ही नाहीं. मीं मीटर घेतला, वाट धरून चालत गेलों, आणि पांच मिनिटांत बोट ठेवलें. क्लचखालचा रखवालदार खटका बिघडला होता. एका बाजूला बारा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य. नवा खटका तालुक्याला मिळत नव्हता, मागवावा लागणार होता. फवारणी तर खोळंबलेली. पुतण्या म्हणाला, "काका, दोन वायरी जोडून टाकूं कां?" मीं म्हटलें, "आजच्या दिवसापुरत्या जोड." जोडल्या. यंत्र उठलें. माझी पाठ थोपटली गेली.

श्रोतेहो, "आजच्या दिवसापुरतें" या शब्दांवर कोणीही विश्वास ठेवूं नये. काम चालूं लागलें, खटका मागवावयाचा राहून गेला, आणि दोन महिने तो पीळ तसाच राहिला. काढणीच्या दिवसांत एका संध्याकाळीं ट्रॅक्टर ओळीच्या तोंडाशीं उभा होता, आणि कोणीतरी तो गिअरमध्येंच ठेवून गेलेलें होतें. क्रेट हलवावयाचे म्हणून एक मजूर आला. वर न बसतां, खालीं उभ्यानेंच हात घालून त्यानें चावी फिरवली. क्लच दाबलेला नव्हता. रखवालदार जागा असता, तर ट्रॅक्टरनें ब्रही काढला नसता. पण रखवालदाराला मीं झोंपवलें होतें. ट्रॅक्टर गुरगुरला आणि उडी मारून पुढें सुटला. मागचें चाक त्या माणसाच्या पायाला चाटून गेलें. समोर रिकाम्या क्रेटांची रास होती. ती चिरडून, मांडवाच्या लोखंडी खांबाला धडकून यंत्र बंद पडलें. त्या राशीवर माझी नऊ वर्षांची नात अभ्यासाचें पुस्तक घेऊन बसत असे. त्या संध्याकाळीं तिच्या आजीनें तिला पाणी आणावयास हांक मारली होती, म्हणून ती तेथें नव्हती.

मजुराला खरचटलें, त्यापलीकडे कोणाला कांहीं झालें नाहीं. कोणीं मला एका शब्दानें बोललें नाहीं. मजूरच उलट "माझीच चूक" म्हणून रडत होता. पण चूक कोणाची होती, तें मला ठाऊक होतें. मीं त्याच रात्रीं दिव्याच्या उजेडांत तो पीळ सोडवला. नवा खटका येईपर्यंत चार दिवस ट्रॅक्टर उभा ठेवला, आणि शेजाऱ्याचा भाड्यानें आणला.

या प्रसंगावर मीं पुष्कळ विचार केला. बिघाड शोधणें म्हणजे वाटेंतला अडथळा शोधणें, एवढेंच मी शिकलों होतों. पण विजेच्या वाटेवर अडथळे दोन जातींचे असतात. एक गंजाचा. तो काळानें व आळसानें आलेला असतो, त्याला घासून काढलेंच पाहिजे. दुसरा रखवालदाराचा. तो कोणी शहाण्या माणसानें, आपण चुकूं हें आधींच ओळखून, जाणूनबुजून उभा केलेला असतो. तो बिघडला तर दुरुस्त करावा, बदलावा, पण बाजूला सारूं नये. घाईच्या माणसाला हे दोन्ही अडथळे सारखेच दिसतात, आणि अर्धी विद्या असलेल्याला ते अधिकच सारखे दिसतात. स्टार्टरच्या दोन बोल्टांवर पेचकस टेकवून यंत्र सुरू करण्याची जी युक्ति गांवोगांव चालते, तीही याच जातीची. ती सर्व रखवालदारांना ओलांडून जाते, आणि करणारा माणूस बहुधा नेमका चाकासमोर उभा असतो. देशोदेशीं या एका युक्तीनें माणसें चिरडलीं गेलीं आहेत. ती करूं नका, दुसऱ्याला करूं देऊं नका.

आपल्या घरांतही असे रखवालदार आहेत. विजेच्या फलकावरचा आपोआप पडणारा खटका, प्रेशर कुकरची सुरक्षा-झडप, ग्रीझरची अर्थ-वायर. ती अडचण करतात, तेव्हां त्यांचा राग येतो. पुढच्या वेळीं असा राग आला, तर हात घालण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःला विचारा : हा गंज आहे, कीं रखवालदार?

आमच्या ट्रॅक्टरच्या चावीशेजारीं माझ्या नातीनें एक कागद चिकटवला आहे. मजकूर माझा, अक्षर तिचें. "आधीं गिअर पाहा. मग वर बसा. मग चावी." व्याकरणाची एकही चूक नाहीं, आणि माझ्या साऱ्या मास्तरकींत इतका उपयोगी धडा मीं दुसरा लिहून दिलेला नाहीं.